फियाटची भेग

काळ्या रानात जन्म काढलेल्या माणसाला भेग म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. वैशाखात आमचं रान असं तडकतं की करडाचा पाय आत जावा. आईच्या टाचांना भेगा होत्या. रात्री निजानीज झाली की चुलीपुढं बसून ती त्यात मेण वितळवून सोडायची. जुन्या घराच्या मातीच्या भिंतीला दर उन्हाळ्यात चिरा जायच्या, त्या आम्ही दिवाळीच्या आधी लिंपून काढायचो.

या सगळ्या भेगांना कधी ना कधी उतार असतो. काळी माती पाणी पिऊन फुगते, त्यामुळं मृगाचे दोन बरे पाऊस झाले की रानाची भेग आपली आपण मिटते. टाच पावसाळ्यात भरून येते. भिंत लिंपली की बुजते. पण मोटारीच्या डॅशबोर्डला गेलेली भेग तशी नाही. तिला पाऊस लागत नाही आणि ऊन सुटत नाही. ती दर साली गव्हाच्या दाण्याएवढी का होईना, पुढं सरकते. आमच्या घरात अशी एक भेग होती. ती बुजवायला तेवीस वर्षं लागली.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९७८ सालची. पण आमच्याकडं तिला पद्मिनी कुणी म्हणत नाही. फियाटच. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या भिजात. वालचंदनगर इथून सायकलीच्या टप्प्यात. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी आमच्या भागातल्या माळावर ऊस आणला, साखर कारखाना उभा केला, आणि त्याच माणसानं १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारींची कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यावर गाड्या होऊ लागल्या. १९६४ पासून ‘फियाट अकराशे डिलाइट’ नावानं निघणारी गाडीच पुढं सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. वालचंदशेठ १९५३ सालीच गेले. त्यांनी ही गाडी बघितली नाही. पण आमचे आण्णा म्हणायचे, "ऊस बी त्यांचाच आन् गाडी बी त्यांचीच. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं घेतलं."

आण्णांनी गाडी घेतली १९८४ साली, बारामतीच्या एका डॉक्टरांकडून. नवी गाडी नोंदवली तर वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची, म्हणून जुनी. उसाचे दोन हप्ते त्यात गेले. आई आठ दिवस बोलली नाही. रंग दुधासारखा पांढरा. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर चार, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला. पुढची गादी बाकड्यासारखी सलग. ड्रायव्हर धरून तिघं ऐसपैस बसायचे, लग्नसराईत चौघं. आण्णांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती आणि ते शिकलेही नाहीत. चालवायचा दादा, माझा थोरला भाऊ. माझ्याकडं पुसापुशी. मी तेव्हा विशी ओलांडलेला, दहावीनंतर रानात उतरलेला. सकाळी धारा झाल्या की बादली आणि फडकं घेऊन गाडीकडं जायचं. त्या फडक्यामुळं डॅशबोर्डची आणि माझी ओळख झाली.

डॅशबोर्ड म्हणजे गाडीचा ओटा. आमच्या गाडीत वरचा भाग काळ्या, रेक्झिनसारख्या पण दाणेदार कातडीनं मढवलेला होता. कातडीखाली बोटभर स्पंज आणि त्याखाली पत्रा. मधोमध आडवं मीटर. कोपऱ्यात आण्णांनी चिकटवलेला इवलासा विठोबा. नव्या सुनेच्या ओटीतला नारळ त्याच्यावरच, लग्नपत्रिकांचा गठ्ठा त्याच्यावरच, काट्याच्या पावत्या त्याच्यावरच. गावात तेव्हा चारचाकी ती एकच. त्यामुळं रात्री-अपरात्री कंदील हलला की दादा किल्ली घेऊनच उठायचा. पान लागलेलं माणूस, अडलेली बाळंतीण, वैरणकापणीच्या यंत्रात हात गेलेला पोरगा, सगळे त्याच गाडीतून बारामतीला गेले. पुढं बसलेलं माणूस खड्ड्याखड्ड्याला डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरून बसायचं. १९८७ च्या श्रावणात वैनीला कळा सुरू झाल्या तेव्हा आई पुढं बसली होती. ओढ्याला पाणी आलेलं. दादा काही बोलत नव्हता आणि आई डॅशबोर्डवर हात आपटून "विठ्ठला, विठ्ठला" करत होती. पुतण्या दवाखान्याच्या दारात झाला. त्याचं नाव अर्थातच विठ्ठलावरून ठेवलं.

भेग गेली ती साधारण १९९५ च्या पुढं. आधी समोरच्या काचेखाली हवा येण्याची जी फट असते, तिच्या कोपऱ्यात केसासारखी रेघ दिसली. पुढच्या उन्हाळ्यात ती चार बोटं झाली. मग तिच्या कडा करपलेल्या भाकरीसारख्या वर वळल्या आणि आतला पिवळा स्पंज दिसायला लागला. त्याला बोट लावलं की त्याचा भुगा व्हायचा.

असं का होतं, हे मला पुढं चाचांनी समजावून सांगितलं. हे प्लॅस्टिक मुळात कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून कारखान्यात त्यात तेलासारखं द्रव्य मिसळतात. बंद गाडी उन्हात उभी राहिली की काळा डॅशबोर्ड सत्तर अंशांच्या घरात तापतो. मग ते द्रव्य हळूहळू बाहेर पडतं. जुन्या गाडीच्या काचेवर आतून जो धुरकट चिकट थर बसतो, जो नुसत्या पाण्यानं निघत नाही, त्यात बराचसा हा डॅशबोर्डचा जीवच असतो. मी वर्षानुवर्षं तो थर फडक्यानं पुसत होतो, पण तो कुठून येतो हे ठाऊक नव्हतं. जीव गेला की कातडी आकसते. आकसली की तिला खालचा पत्रा सोडत नाही. मग जिथं भोक आहे, खाच आहे, कोपरा आहे, तिथं ताण जास्त पडतो आणि ती तिथून फाटते. वाळत घातलेलं कातडं खिळ्यापाशी फाटतं, तसंच.

आण्णांनी त्या भेगेवर आपला इलाज केला. १९९८ च्या उन्हाळ्यात. पाण्याच्या पायपाची गळती बंद करायला दोन रंगांची कणीक मिळते, एकत्र मळून लावायची, तासाभरात दगड होते. रानातल्या पायपाला लावून उरलेली कणीक त्यांनी भेगेत भरली. पाण्यात अंगठा बुडवून दाबून सारखी केली, वर काळी शाई फासली. "झाली डागडुजी," म्हणाले. दिसायला बरं दिसलं. पण कणीक दगडासारखी आणि कातडी उन्हात फुगणारी, थंडीत आकसणारी. दोन उन्हाळ्यांत कणकेच्या दोन्ही अंगांनी नव्या भेगा निघाल्या. मधे कणकेचं बेट आणि दोन्हीकडून ओढे, अशी अवस्था.

त्याच काळात घरातही तसंच चाललं होतं. २००४ साली वाटणी झाली. आण्णांना अक्षरओळख नव्हती. वाटणीपत्राच्या प्रत्येक पानावर त्यांनी निळा अंगठा उठवला आणि घरी येऊन साबणानं तो धूत बसले. रान वाटलं, बैल वाटले, भांडीसुद्धा वाटली. विहीर सामाईक राहिली, चार दिवस त्याचे, चार दिवस माझे. आणि गाडी सामाईक राहिली, कारण गाडीचे दोन भाग होत नाहीत. २००९ साली आण्णा गेले. गाडी त्यांच्या नावावर. ती नावावर करून घ्यायची तर सगळ्या वारसांची संमती लागते. कुणी पुढं होईना. पुढं २०१२-१३ च्या दुष्काळात विहिरीनं तळ गाठला. पाण्याच्या पाळीवरून दादाचं आणि माझं जे वाजलं ते वाजलं. तेव्हापासून आठ वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. लग्नात, मयतीला समोरासमोर आलो तर मधल्या माणसाशी बोलायचं. वैनी मात्र पिशवीतनं भाजी पाठवायच्या. गाडी बांधावरच्या पत्र्याच्या छपरात उभी. टायर बसलेले. कोंबड्या मागच्या गादीवर अंडी घालायच्या.

२०२१ च्या दिवाळीत एक जण पुण्याहून आला. जुन्या गाड्या घेऊन दुरुस्त करण्याचा त्याला नाद होता. माणूस जाणकार होता. बॉनेट उघडून बघितलं, खाली वाकून पत्र्याला कुठं कुठं गंज लागलाय ते बोटानं ठोकून बघितलं. पुतण्यानं त्याला आणलेलं, म्हणून दादा एका दाराशी उभा आणि मी दुसऱ्या. त्यानं दार उघडलं, डॅशबोर्डवर हात फिरवला आणि चकचक केली. म्हणाला, "इंजिनचं होऊन जाईल. टॅक्सीवाल्यांमुळं सामान अजून मिळतं. पण डॅशबोर्ड पार गेलाय. असा अखंड मिळत नाही आता. हा काढून फायबरचा टाकावा लागेल, म्हणून मी एवढेच देईन." त्यानं आकडा सांगितला.

आकड्याचं सोडा. पण "काढून टाकावा लागेल" हे ऐकल्यावर गाडीच्या दोन्ही दारांकडनं एकाच वेळी उत्तर गेलं. "द्यायची न्हाय."

पाहुणा चहा घेऊन गेला. दादा आणि मी आपापल्या बांधानं घरी गेलो. पण रात्री पुतण्या माझ्याकडं आला. म्हणाला, "काका, आप्पा इच्यारत्यात, डॅसबोर्ड नीट करणारा कुणी ठावं हाय का?"

बारामतीच्या एका बोळात सीटची कव्हरं आणि टेम्पोचे हूड शिवणारं एक दुकान आहे. तिथले म्हातारे चाचा आमच्या ट्रॅक्टरच्या गाद्या शिवायचे. मी त्यांना मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो बराच वेळ बघितला.

"भाऊ, याला तीन रस्ते आहेत," ते म्हणाले. "एक, वरून तयार टोपण मिळालं तर बसवायचं. खालची भेग तशीच राहणार, फक्त दिसणार नाही. दोन, सगळं सोलून नवं रेक्झिन मढवायचं. नव्यासारखं दिसेल, कारण ते नवंच असेल. तीन, आहे तीच कातडी ठेवून भेग भरायची. त्यात मेहनत सगळ्यात जास्त, आणि एवढं करून डाग थोडा राहणार. जुनं बी ठेवायचं आणि डाग बी नको, हे माझ्याच्यानं होणार नाही."

मी म्हटलं, "तिसरा."

"मग डॅशबोर्ड काढून आणा. गाडीत बसून हे काम होत नसतं."

काढायचं म्हणजे माहीतगार पाहिजे. गाडीची नस न् नस दादाला ठाऊक. सकाळी मी छपरात गेलो तर तो आधीच आलेला. बॅटरी गाडीत नव्हतीच, नाहीतर आधी तिची वायर सोडवावी लागते. तो गाडीत उताणा झोपलेला, डोकं स्टिअरिंगखाली, पाय दाराबाहेर. मी पान्यांची पेटी घेऊन पायांशी बसलो. गंजलेल्या नटांवर त्यानं रात्रीच रॉकेल सोडून ठेवलेलं दिसलं. बराच वेळ नुसती खुडबुड. मग आतनं आवाज आला.

"धा नंबरचा पाना दे."

आठ वर्षांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी दहाचा पाना दिला. मग आठचा मागितला. मग पेचकस. बारा वाजेपर्यंत आम्ही एवढंच बोललो, पण बोललो.

मीटरची केबल मागनं फिरवून सोडवली. पुतण्यानं प्रत्येक वायरीचा फोटो काढला. माझा फोटोवर भरवसा नाही, म्हणून मी वायरींच्या जोड्यांना रंगीत दोरे बांधले, लाल दोरा लाल दोऱ्याला. वरचा मढवलेला भाग सुटून हातात आला तेव्हा खालच्या पत्र्यावर सदतीस वर्षांचं सांडलेलं निघालं. चार आण्याची नाणी, केसांच्या पिना, सुपारीचं खांड, आणि कारखान्याच्या काट्याची एक घडी घातलेली पावती. पावतीवरची शाई उडालेली. दादानं ती उजेडाला धरली. म्हणाला, "आपलीच असंल," आणि खिशात ठेवली.

डॅशबोर्ड पोत्यात गुंडाळून आम्ही बारामतीला नेला. दादा म्हणाला होता की तू एकटाच जा. पण टेम्पो सुटताना तो पुढं येऊन बसला.

चाचांनी आधी साबणाच्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं तो धुतला. मग स्पिरिटच्या बोळ्यानं तीनदा पुसला. लोक डॅशबोर्ड चमकावा म्हणून खोबरेल लावतात, चकाकीचे फवारे मारतात. तो तेलकटपणा राहिला तर पुढं काहीच धरत नाही. आमच्या डॅशबोर्डवर दोन्हींची पुटं होती. धुऊन तो सावलीत वाळत ठेवला आणि आम्हाला दोन दिवसांनी बोलावलं.

दुसऱ्या खेपेला चाचांनी कणकेच्या बेटावर नख मारलं. "हे काढावं लागेल. कडक माल आहे. मऊ कातडीच्या मधे कडक तुकडा ठेवला तर वरून काय बी करा, पुढच्या उन्हाळ्यात शेजारी फाटणार."

त्यांनी कानस उचलली. तेवढ्यात दादा म्हणाला, "थांबा चाचा."

तो वाकून बघत होता. धुतल्यावर वरची काळी शाई निघून गेली होती आणि कणकेवर अंगठा दिसत होता. अंगठ्याच्या रेघा, मधोमध विळ्यानं कापल्याची आडवी खूण. ती खूण आम्हा दोघांना पाठ होती. दादानं त्यावर आपलं बोट ठेवलं आणि तसंच ठेवलं.

"आण्णांचा हाय," तो म्हणाला.

आण्णांचा अंगठा आम्ही कागदांवर ढीगभर बघितलेला. सोसायटीच्या कर्जावर, बँकेच्या खतावर, वाटणीपत्राच्या प्रत्येक पानावर. दुसऱ्यानं बोट धरून जिथं टेकवलं तिथं त्यांनी तो टेकवला. हा एकच असा होता की जो त्यांनी कुणी न सांगता, आपल्या मनानं, काहीतरी बुजवायला लावला होता.

चाचा जाणते माणूस. ते चहा सांगायला म्हणून उठून गेले. आम्ही दोघं त्या डॅशबोर्डच्या दोन बाजूंना बसून राहिलो. बोळातून टेम्पो गेला, परत आला. मग दादा म्हणाला, "काढू दे. आण्णा असते तर म्हणाले असते, अर्धवट काम करू नगा."

"फुटू देऊ नका म्हणजे झालं," मी चाचांना म्हटलं.

त्यांनी गरम हवेच्या यंत्रानं तो तुकडा सावकाश तापवला. अशी कणीक तापली की थोडी नरम पडते. मग पातळ सुरी खालून घालून ती अख्खी उचलली. चिंचेच्या आकड्याएवढा तुकडा. दादानं तो रुमालात बांधला. त्याचं त्यानं पुढं काय केलं ते मी विचारलं नाही.

मग खरं काम सुरू झालं. भेग जिथं संपते, तिच्या प्रत्येक टोकाला चाचांनी बारीक ड्रिलनं छिद्र पाडलं. पुतण्या म्हणाला, "चाचा, आधीच फाटलंय, आणखी भोकं कशाला?" मला मात्र ते कळलं. ट्रॅक्टरच्या मडगार्डला चीर गेली की आमचा वेल्डिंगवालाही आधी चिरेच्या टोकाला भोक पाडतो. भेगेचं टोक सुईसारखं असतं, सगळा ताण त्या टोकावर येतो आणि ते पुढं सरकत राहतं. तिथं गोल छिद्र केलं की ताण सगळीकडं पांगतो आणि भेग थांबते. बुजवायच्या आधी भेग थांबवावी लागते, ही त्या कामातली पहिली पायरी आहे. ती गाळून नुसतं भरणारे बरेच असतात.

मग वर वळलेल्या कडा कापून काढल्या. भेगेच्या दोन्ही कडा आतल्या बाजूला तिरक्या तासल्या, नांगराच्या तासासारख्या, म्हणजे भरलेला माल धरून राहतो. भुगा झालेला स्पंज खरवडून काढला आणि त्या मापाचा नवा तुकडा चिकटवला. कातडीच्या खालून, भेगेच्या दोन्ही काठांना धरून, मलमलची पट्टी सरकवून चिकटवली. फाटक्या धोतराला आतून ठिगळ लावतात तशी. वर रबरासारखा लवचीक माल भरला. एकदम नाही, पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. घाई करून जाड थर दिला तर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि बसतो. असे पाच थर झाले. आधी जाड, मग बारीक पॉलिशपेपरनं घासलं. डोळे मिटून हात फिरवला तर भेग कुठं होती हे कळू नये, इतकं घासलं.

पण डोळे उघडले की कळायचं, कारण मूळ कातडीला दाणे आणि भरलेली जागा गुळगुळीत. त्यावर चाचांनी शेवटचा पातळ थर दिला आणि तो ओलसर असतानाच त्यावर दाणेदार रेक्झिनचा तुकडा उलटा दाबला. उचलला तेव्हा दाणे उठलेले. मग सगळ्या डॅशबोर्डला लवचीक काळा रंग, फवाऱ्यानं तीन हात, चमक नसलेला. चमकणारा दिला तर उन्हाची तिरीप काचेवर पडते आणि चालवणाऱ्याला समोरचं दिसत नाही.

बारा दिवस लागले. पैसे चाचांनी सांगितले ते आम्ही निम्मे-निम्मे दिले. चाचांनी दोघांचे पैसे वेगवेगळे मोजले आणि एकत्र करून गल्ल्यात टाकले.

बसवताना एक दोरा चुकीचा निघाला आणि हॉर्न दाबला की वायपर हलायला लागले. दादा इतका हसला की त्याला खोकला लागला. पुतण्याच्या फोटोवरनं मग सगळं नीट झालं. कारब्युरेटर, ब्रेक, टायर यांत पुढचे चार महिने गेले. गाडी नावावर करायच्या कागदाला आमच्या आणि दोन्ही बहिणींच्या सह्या लागल्या. त्या निमित्तानं दोघी माहेरी आल्या आणि चार दिवस राहिल्या. नाव दादाचं लावलं. चालवायचा तो, म्हणून.

आता या गाड्या कमी व्हायला लागल्या आहेत. कारखाना केव्हाच बंद झाला. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २००३ च्या ऑक्टोबरातली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या टॅक्सींत पद्मिनी राहिली नाही. टॅक्सीच नाहीत म्हटल्यावर त्यांचं सामान विकणारेही दुसऱ्या धंद्याला लागतील. जे आहे ते जपूनच वापरावं लागणार.

कुणाच्या घरी अशी गाडी असेल तर जपण्याच्या गोष्टी फार नाहीत. उन्हात लावायची वेळ आलीच तर समोरच्या काचेला आतून पांढरं फडकं लावावं. काचा बोटभर उघड्या ठेवाव्यात, वाफ निघून जाते. डॅशबोर्ड ओल्या फडक्यानं पुसावा, तेल लावू नये. केसासारखी रेघ दिसली की त्याच आठवड्यात टोकाला छिद्र पाडून घ्यावं. ती चार बोटं व्हायची वाट बघू नये.

गाडी दिवाळीपासून पाडव्यापर्यंत दादाच्या छपरात असते. उन्हाळ्यात त्याच्या पत्र्याखाली ताप होतो, म्हणून पाडव्यानंतर ती माझ्या दारातल्या कडुनिंबाखाली येते. विहिरीची पाळी चार दिवसांची, गाडीची सहा महिन्यांची. मावळतीचं ऊन तिरपं आत आलं की डॅशबोर्डवर एक फिकट रेघ दिसते, चाचांनी सांगितली होती तशी. गेल्या पाडव्याला दादा गाडी लावायला आला तेव्हा आम्ही दोघांनी वाकून बघितली. वाढलेली नाही.